भांडी वेगळी, हात तेच

२ जानेवारी १९६८ रोजी केप टाउनच्या ग्रूटे स्कूर रुग्णालयात डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी आपलं दुसरं हृदय-प्रत्यारोपण केलं. महिन्याभरापूर्वी त्यांनी केलेल्या पहिल्या प्रत्यारोपणाचा रुग्ण अठरा दिवसांत दगावला होता. हा दुसरा मात्र १९ महिने जगला. त्याचं नाव फिलिप ब्लायबर्ग, वय ५८, व्यवसायाने दंतवैद्य आणि सरकारी नोंदीत ‘गोरा’. ज्याचं हृदय त्याच्या छातीत बसवलं तो क्लाइव्ह हॉप्ट २४ वर्षांचा कामगार. नववर्षाच्या दिवशी समुद्रकिनाऱ्यावर गेला असताना मेंदूत रक्तस्राव होऊन तो कोसळला होता. सरकारी नोंदीत तो ‘कलर्ड’, म्हणजे मिश्रवंशीय होता. ब्लायबर्गच्या वस्तीत त्याला घर घेता येत नव्हतं, ब्लायबर्ग ज्या बाकावर टेकत असे त्यावर बसता येत नव्हतं, आजारी पडला असता तर त्याच रुग्णालयात शेजारची खाटही मिळाली नसती. त्याचं हृदय या सगळ्या ठिकाणी पुढचे १९ महिने बिनबोभाट वावरलं.

दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाची कहाणी आपल्याकडे सहसा गोळीबार, तुरुंग आणि नेल्सन मंडेलांची सुटका या टप्प्यांनी सांगितली जाते. ती तशी सांगायलाच हवी. पण या व्यवस्थेचा रोजचा संसार पाहिला, तर आणखी एक गोष्ट लख्ख दिसते. वेगळं राहण्यासाठी ज्यांनी शेकडो कायदे केले, त्यांना एक दिवसही वेगळं राहता आलं नाही. त्यांचा सकाळचा चहा, त्यांच्या मुलांची अंघोळ, त्यांच्या खाणीतलं सोनं आणि शेतातला मका, सगळं त्याच माणसांच्या हातून येत होतं ज्यांना त्यांनी परकं ठरवलं होतं.

मे १९४८च्या निवडणुकीत डॅनियल मलान यांचा नॅशनल पक्ष सत्तेवर आला. एकूण मतं विरोधकांना जास्त पडली होती. पण ग्रामीण मतदारसंघांच्या रचनेमुळे जागा या पक्षाला जास्त मिळाल्या. मतदार जवळपास सगळे गोरे. या पक्षाने वंशभेद शोधून काढला नाही. १९१३च्या जमीन कायद्याने देशाची सुमारे ७ टक्के जमीन तेवढी आफ्रिकी लोकांसाठी ठेवली होती आणि १९३६मध्ये ती मर्यादा १३ टक्क्यांच्या आसपास नेली होती. मलान सरकारने केलं ते असं, की जुन्या, इकडेतिकडे पसरलेल्या रूढींचं काटेकोर कायद्यात रूपांतर केलं. १९४९मध्ये आंतरवंशीय विवाहांना बंदी आली. १९५०मध्ये गोऱ्यांच्या इतर वंशीयांशी असलेल्या शरीरसंबंधांवरची बंदी पूर्ण झाली. त्याच वर्षी प्रत्येक नागरिकाची वंशनिहाय नोंद करणारा कायदा झाला आणि कोणत्या वंशाने कुठे राहायचं हे ठरवणारा ग्रुप एरियाज कायदाही झाला.

माणसाचा वंश ठरवायचा कसा? कायद्याची व्याख्या अशी होती, की जो दिसायला उघडपणे गोरा आहे किंवा ज्याला लोक सर्वसाधारणपणे गोरा मानतात तो गोरा. म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांचं मत हाच पुरावा. शंका आली तर अधिकारी केसांत पेन्सिल खोचून पाहत. ती खाली पडली तर केस सरळ, अडकली तर कुरळे. नखं पाहत, कातडीचा रंग पाहत, उच्चार ऐकत. एकाच घरातली भावंडं वेगवेगळ्या रकान्यांत गेल्याची उदाहरणं आहेत. रकाना बदलला की शाळा बदले, बसची रांग बदले, कोणाशी लग्न करता येईल ते बदले. मरणानंतरची दफनभूमीसुद्धा बदले.

सँड्रा लेंग हिचं उदाहरण जगभर गाजलं. १९५५मध्ये पूर्व ट्रान्सव्हालमधल्या एका गोऱ्या आफ्रिकानर, म्हणजे मुख्यतः डच वसाहतकऱ्यांच्या वंशातल्या, दांपत्याच्या पोटी ती जन्मली. आईवडील नॅशनल पक्षाचे समर्थक. मुलीचा वर्ण सावळा, केस दाट कुरळे. १९६६मध्ये, ती दहा वर्षांची असताना, तिला गोऱ्यांच्या वसतिगृहातून काढून टाकण्यात आलं आणि पोलिसांनी तिला घरी नेऊन पोचवलं. सरकारने तिची नोंद ‘कलर्ड’ अशी केली. वडील भांडले. पुढच्या वर्षी कायदा बदलून आईवडिलांचा वंश निर्णायक ठरवण्यात आला, आणि सँड्रा कागदावर पुन्हा गोरी झाली. पण शाळेत, शेजारात तिला कोणी गोरी मानलं नाही. पुढे ती एका आफ्रिकी तरुणाबरोबर निघून गेली, तिला मुलं झाली, आणि आपल्याच मुलांसोबत कायदेशीरपणे राहता यावं म्हणून तिला पुन्हा ‘कलर्ड’ होण्यासाठी अर्ज करावा लागला. वडिलांनी मरेपर्यंत तिचं तोंड पाहिलं नाही. २००८मध्ये ‘स्किन’ या चित्रपटाने ही कथा जगापुढे आणली. पोटची मुलगी आणि बाप यांच्यामध्ये एखादा सरकारी रकाना उभा राहू शकतो, हे समजून घ्यायला सँड्राच्या आयुष्याइतकं दुसरं साधन नाही.

या रकान्यांना शास्त्राचा आधार कधीच नव्हता. १९६०च्या दशकात जपानशी व्यापार वाढला, तेव्हा जपानी व्यापाऱ्यांना ‘मानद गोरे’ म्हणून हॉटेलं आणि वस्त्या खुल्या झाल्या. त्याच शहरात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या चिनी कुटुंबांना ती सवलत नव्हती.

इतिहासात थोडं मागे गेलं तर हे सगळं अधिकच पोकळ वाटू लागतं. केपच्या डच वसाहतीत १७व्या शतकात गुलाम आणले गेले ते इंडोनेशियाच्या बेटांवरून, मादागास्करहून आणि मोठ्या संख्येने भारताच्या किनाऱ्यांवरून. बंगालहून आणलेली अँजेला नावाची एक गुलाम स्त्री पुढे मुक्त झाली, १६६९मध्ये आर्नोल्डस बासोन याच्याशी तिचं लग्न झालं, आणि आज अनेक आफ्रिकानर घराण्यांच्या वंशावळी तिच्यापाशी जाऊन पोचतात. ज्या आफ्रिकान्स भाषेच्या अभिमानावर हा सगळा राष्ट्रवाद उभा राहिला, ती भाषासुद्धा डच मालक, मलाय स्वयंपाकी, खोईखोई गुराखी यांच्या रोजच्या बोलण्यातून घडली. तिच्यातलं सुरुवातीचं बरंच लिखाण केपच्या मुसलमानांनी अरबी लिपीत केलेलं आहे. आजही आफ्रिकान्स मातृभाषा असलेल्यांत गोऱ्यांपेक्षा इतर वंशांचे लोक जास्त आहेत.

वेगळ्या सार्वजनिक सोयींचा कायदा १९५३चा. बाक, टपालकचेऱ्या, पूल, चौपाट्या, जिने, स्वच्छतागृहं, ग्रंथालयं, रुग्णवाहिका यांची वाटणी त्याने कायदेशीर केली. या सोयी वेगळ्या असल्या तरी समान असल्याच पाहिजेत असं नाही, हे त्यात स्पष्ट नमूद होतं. न्यायालयांनी समानतेचा प्रश्न काढू नये म्हणून ही तरतूद मुद्दाम केली होती. अपघातात जखमी झालेल्या माणसाला चुकीच्या रंगाची रुग्णवाहिका आली म्हणून रस्त्यावर पडून राहावं लागे.

इथे एक अवघड प्रकरण सांगायला हवं. डरबनच्या टपालकचेरीला १८९०च्या दशकात दोन दारं होती. एक युरोपियनांसाठी, दुसरं आफ्रिकी आणि आशियाई लोकांसाठी. तरुण बॅरिस्टर मोहनदास गांधी यांच्या नाताळ इंडियन काँग्रेसने याविरुद्ध अर्ज केला, आणि १८९५च्या सुमारास फळ काय मिळालं, तर तिसरं दार. भारतीयांसाठी स्वतंत्र. गांधींनी त्या वेळी हे यश मानलं. पुढच्या काळात त्यांचे विचार पुष्कळ बदलले, हे खरं. पण वेगळेपणाची व्यवस्था किती धूर्त असते ते या तिसऱ्या दारात दिसतं. मधल्या पायरीवरच्या माणसाला खालच्या पायरीपासून दूर होणं हेच न्याय मिळाल्यासारखं वाटू लागतं. जानेवारी १९४९मध्ये त्याच डरबनमध्ये एका भारतीय दुकानदाराने आफ्रिकी मुलाला मारल्यावरून दंगल उसळली आणि १४२ माणसं मेली. मरणाऱ्यांत भारतीय होते, आणि आफ्रिकीही होते. दोघांनाही गोऱ्यांच्या कायद्याने पिळलं होतं. पण रोजचा व्यवहार, उधारी, घरभाडं आणि बसचं तिकीट, यांत आफ्रिकी माणसासमोर उभा असे तो भारतीय. राग आधी समोर दिसणाऱ्यावर निघाला.

खेळाच्या मैदानावर ही व्यवस्था जगाला सर्वांत उघडपणे दिसली. डरबनचा पापवा सेवगोलम हा भारतीय वंशाचा कॅडी, गोल्फची काठी उलट्या पकडीने धरणारा. हॉलंडची खुली स्पर्धा त्याने तीनदा जिंकली. १९६३मध्ये नाताळची खुली स्पर्धा जिंकली तेव्हा बक्षीस समारंभ क्लबच्या इमारतीत चालला होता आणि विजेता बाहेर पावसात उभा होता. करंडक त्याला बाहेर आणून देण्यात आला. ते छायाचित्र जगभर छापलं गेलं. दोन वर्षांनी त्याने त्याच स्पर्धेत नामवंत गोरा गोल्फपटू गॅरी प्लेअरला हरवलं. त्यानंतर गोऱ्यांच्या स्पर्धांची दारं त्याच्यासाठी बंद होत गेली. १९६८मध्ये केपचा ‘कलर्ड’ क्रिकेटपटू बेसिल डॉलिव्हिएरा इंग्लंडच्या संघातून येणार म्हटल्यावर पंतप्रधान फोर्स्टर यांनी दौराच होऊ दिला नाही. १९७४मध्ये डेव्हिस करंडकाच्या अंतिम फेरीत भारताची गाठ दक्षिण आफ्रिकेशी होती. भारताने खेळायला नकार दिला आणि करंडक सोडून दिला. भारतीय टेनिसला तोवर एवढी मोठी संधी क्वचितच मिळाली होती, तरी तो निर्णय योग्यच होता. त्याची पार्श्वभूमीही जुनी होती. दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत होता, १९४६मध्ये. त्याच वर्षी विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखालच्या शिष्टमंडळाने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला, आणि मुंबईचे न्या. एम. सी. छागला त्या शिष्टमंडळात होते.

बाक आणि दारं यांच्यावरच्या पाट्या परक्या पाहुण्याला लगेच दिसत. घरात पाट्या नव्हत्या, आणि वर्णभेदाचं खरं आयुष्य घरातच होतं.

जोहान्सबर्गच्या गोऱ्या वस्तीतल्या कोणत्याही बंगल्याच्या मागच्या अंगणात एक खोली असे. तिला बहुधा छोटीशी खिडकी, आत लोखंडी खाट, बाहेर वेगळा संडास. तिथे राहणारी बाई पहाटे मालकिणीच्या घरात शिरे, चहा करी, मुलांना उठवी, न्हाऊ घाली, शाळेत पोचवी, स्वयंपाक करी, आणि रात्री भांडी घासून आपल्या खोलीत जाई. ज्या हातांनी मालकाच्या मुलाला भरवलं त्या हातांचा पाण्याचा मग मात्र निराळा, एनॅमलचा, ओट्याखाली ठेवलेला. मराठी वाचकाला हे चित्र समजावून सांगायची गरज नाही. चहाच्या टपरीवर दलितांसाठी वेगळी टांगलेली कपबशी आपल्या गावांनी पुष्कळ पाहिली आहे.

फरक असा, की दक्षिण आफ्रिकेत त्या मगाच्या मागे सरकारी यंत्रणा उभी होती. परवानगीशिवाय कोणत्याही आफ्रिकी माणसाला शहरात ७२ तासांपेक्षा जास्त थांबता येत नसे. सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाने ओळखपुस्तक जवळ बाळगायचं. लोक त्याला ‘डोमपास’, म्हणजे मूर्ख पास, म्हणत. त्यात मालकाची सही दर महिन्याला हवी. ती नसेल तर अटक. मागच्या खोलीत राहणाऱ्या बाईला नवऱ्याने रात्री भेटायला येणं हाही गुन्हा. पोलीस मध्यरात्री धाड घालत. तिची स्वतःची मुलं शेकडो किलोमीटर लांब गावी, आजीकडे. वर्षातून एकदा, नाताळच्या सुट्टीत, ती त्यांना भेटे. पासच्या कायद्यांखाली २०व्या शतकात १ कोटी ७० लाखांहून अधिक अटका आणि खटले झाले. १९६०च्या २१ मार्चला शार्पव्हिल इथे पोलिसांनी ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि ज्यांतली ६९ माणसं मेली, ते लोक हेच पुस्तक घरी ठेवून आपणहून अटक करून घ्यायला आले होते.

समाजशास्त्रज्ञ जॅकलिन कॉक यांनी पूर्व केपमधल्या घरकामगारांच्या आणि मालकिणींच्या मुलाखतींवर आधारलेलं ‘मेड्स अँड मॅडम्स’ हे पुस्तक १९८०मध्ये प्रसिद्ध केलं. गोऱ्या स्त्रियांचा राग त्यांनी ओढवून घेतला, कारण ‘ती आमच्या घरातलीच आहे’ या वाक्याच्या आत त्यांनी डोकावून पाहिलं. पगार किती, सुट्टी किती, तिच्या मुलांची नावं मालकिणीला ठाऊक आहेत का, असे साधे प्रश्न विचारल्यावर ते वाक्य टिकेना. माया खोटी होती असं मात्र म्हणता येत नाही. गोऱ्या मुलांचा आपल्या आयांवर खरा जीव होता, त्यांतली पुष्कळ मुलं झुलू किंवा सोथो गाणी ऐकत झोपली. त्याच मुलांना सहा-सात वर्षांची झाल्यावर त्या आयेला नावाने हाक मारायला आणि तिला हुकूम द्यायला शिकवलं गेलं.

आता विचारवंतांकडे वळू, कारण वेगळेपणाची कल्पना मांडणारे सगळे गुंड नव्हते. स्टेलनबॉश विद्यापीठाभोवतीच्या काही प्राध्यापकांनी आणि धर्मगुरूंनी १९४८मध्ये ‘साब्रा’ नावाची संस्था काढली. त्यांचं म्हणणं होतं, की वेगळं व्हायचं तर पुरतं व्हावं. आफ्रिकी लोकांना पुरेशी जमीन आणि पैसा द्यावा, त्यांचे प्रदेश वसवावेत, आणि गोऱ्यांनी आपली कामं आपण करावीत. डच रिफॉर्म्ड चर्चच्या १९५०च्या परिषदेनेही संपूर्ण विभाजनाची मागणी केली. पंतप्रधान मलान यांनी संसदेत ती फेटाळली. देशाची सारी अर्थव्यवस्था आफ्रिकी मजुरांवर उभी आहे, म्हणून हे अव्यवहार्य आहे, असं त्यांनी सांगितलं. वर्णभेदाच्या समर्थकांनी दिलेली याहून स्पष्ट कबुली सापडणं कठीण.

पुढे सरकारनेच नेमलेल्या टॉमलिन्सन आयोगाने हिशेब मांडला. आफ्रिकी प्रदेश राहण्याजोगे करायचे तर पहिल्या दहा वर्षांत १० कोटी ४० लाख पौंड खर्च करावे लागतील, असं त्याने सांगितलं. मूळ नेदरलँड्समध्ये जन्मलेले, मानसशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले आणि तेव्हा आफ्रिकी व्यवहार खात्याचे मंत्री असलेले हेंड्रिक फेरवूर्ट यांनी आयोगाच्या महत्त्वाच्या शिफारशी नाकारल्या. तेच पुढे पंतप्रधान झाले आणि त्यांनीच या धोरणाला ‘चांगल्या शेजाऱ्याचं धोरण’ असं गोंडस रूप दिलं. त्याआधी, १९५४मध्ये, आफ्रिकी मुलांच्या शिक्षणाविषयी सिनेटमध्ये बोलताना त्यांनी मन अधिक मोकळं केलं होतं. ठरावीक प्रकारच्या मजुरीच्या वर गोऱ्या समाजात आफ्रिकी माणसाला जागा नाही, असा त्या भाषणाचा आशय होता. चांगले शेजारी आणि स्वस्त मजूर या दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून मागितल्या जात होत्या. शहरांकडे येणारा आफ्रिकी लोंढा १९७८पासून उलटा वाहू लागेल, असं भाकीत फेरवूर्ट यांनी केलं होतं. १९७८ उजाडलं तेव्हा जोहान्सबर्गलगतचं आफ्रिकी लोकांचं सोवेटो हे देशातल्या सर्वांत मोठ्या वस्त्यांपैकी एक झालं होतं.

तरीही नकाशावर आफ्रिकी लोकांसाठी दहा ‘होमलँड’ आखले गेले. त्यांतल्या ट्रान्स्काय, बोफुथात्स्वाना, वेंडा आणि सिस्काय या चार प्रदेशांना १९७६ ते १९८१च्या दरम्यान ‘स्वातंत्र्य’ देण्यात आलं. दक्षिण आफ्रिकेखेरीज जगातल्या एकाही देशाने त्यांना मान्यता दिली नाही. पण तिथल्या म्हणून नोंदलेल्या लाखो लोकांचं दक्षिण आफ्रिकेचं नागरिकत्व गेलं, मग ते जन्मभर जोहान्सबर्गमध्ये राहिलेले का असेनात. छायाचित्रकार डेव्हिड गोल्डब्लाट यांनी १९८०च्या दशकात क्वाएनदेबेले या होमलँडमधून प्रिटोरियाला कामावर जाणाऱ्यांची छायाचित्रं काढली. पहाटे अडीच-तीनला सुटणाऱ्या बसमध्ये माणसं एकमेकांच्या अंगावर रेलून झोपलेली आहेत. संध्याकाळी तोच प्रवास उलटा. ‘वेगळ्या राष्ट्रातला’ नागरिक रोज सहा-सात तास बसमध्ये घालवत होता, गोऱ्या राष्ट्राचे रस्ते झाडायला आणि इमारती बांधायला.

१९६० ते १९८३ या काळात सुमारे ३५ लाख लोकांना सक्तीने हलवण्यात आलं. केप टाउनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग ११ फेब्रुवारी १९६६ रोजी ‘गोऱ्यांचा’ म्हणून जाहीर झाला. बंदराजवळची ही दाट वस्ती. मलाय शिंपी, ज्यू दुकानदार, झोसा गोदी कामगार, ‘कलर्ड’ वादक, आणि त्यांच्यात रत्नागिरी-कुलाब्याकडून १९व्या शतकाच्या अखेरीपासून आलेले कोकणी मुसलमान. हे कोकणी लोक किराणा दुकानं चालवत आणि गिऱ्हाइकांशी आफ्रिकान्स बोलत. साठ हजारांहून अधिक माणसांना इथून उठवून शहराबाहेरच्या वाळूमय केप फ्लॅट्सवर नेऊन टाकलं. भारतीयांना राइलँड्सचा तुकडा नेमून दिला. मशिदी आणि चर्च वगळता सगळं बुलडोझरने सपाट झालं. आणि एवढं करून त्या जागेचा मोठा भाग पुढे कित्येक वर्षं ओसाड राहिला. गोरे लोकही तिथे राहायला फारसे आले नाहीत. डिस्ट्रिक्ट सिक्स ही एकत्र नांदण्याची आदर्श वस्ती नव्हती. दारिद्र्य होतं, टोळ्या होत्या, घरमालकांची लूट होती. पण तिथला माणूस शेजाऱ्याला नावाने ओळखत होता. हलवल्यानंतर तो रकान्याने ओळखू लागला.

याच काळात वेगळेपणाची एक दुसरी मागणी पुढे आली, आणि ती वर्णभेदाच्या पारड्यात टाकणं अन्याय ठरेल. जुलै १९६७मध्ये ग्रॅहम्सटाउनच्या ऱ्होड्स विद्यापीठात एका पुरोगामी विद्यार्थी संघटनेची परिषद भरली. सभासद सर्व वंशांचे, ठराव वर्णभेदाच्या विरोधातले. पण गोरे प्रतिनिधी वसतिगृहात आणि कृष्णवर्णीय प्रतिनिधी दूर एका चर्चच्या सभागृहात झोपले. डरबनला वैद्यकीय शिक्षण घेणारा स्टीव्ह बीको तिथे होता. गोऱ्या मित्रांच्या सदिच्छेवर शंका न घेताही त्याने एक निष्कर्ष काढला: आपल्या दुःखाचं नेतृत्व दुसऱ्याच्या हातात असेल, तर आपण आपल्याच लढ्यात पाहुणे राहू. १९६९मध्ये केवळ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची ‘सासो’ ही संघटना उभी राहिली. सरकारला सुरुवातीला आनंदच झाला, कारण आपलंच तत्त्व ही मुलं पाळताहेत असं त्याला वाटलं. तो भ्रम लवकर फिटला. ‘कृष्णवर्णीय’ म्हणजे कायद्याने आणि रूढीने दडपलेले सगळे, अशी व्याख्या सासोने केली, आणि सरकारने मोठ्या कष्टाने वेगळे केलेले आफ्रिकी, ‘कलर्ड’ आणि भारतीय पुन्हा एका नावाखाली आले. डरबनचे सॅथ्स कूपर आणि स्ट्रिनी मूडली हे भारतीय वंशाचे तरुण बीकोबरोबर होते; पुढे दोघांनी रॉबेन बेटावरच्या तुरुंगात शिक्षा भोगली. मुंबईत १९७२मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपल्या जाहीरनाम्यात ‘दलित’ या नावाखाली अनुसूचित जाती-जमातींबरोबर भूमिहीन, कष्टकरी आणि स्त्रियांनाही घेतलं होतं, हे इथे आठवतं.

बीकोच्या वेगळेपणाने कोणाचं घर पाडलं नाही, कोणाचं दार बंद केलं नाही. त्याचा जवळचा मित्र डोनाल्ड वूड्स हा गोरा संपादक होता. बीकोला हवी होती ती स्वतःच्या पायावर उभं राहून इतरांशी बोलण्याची ताकद. सप्टेंबर १९७७मध्ये पोलीस कोठडीत डोक्याला जबर मार बसलेल्या बीकोला गाडीच्या मागच्या भागात विवस्त्र टाकून हजारापेक्षा जास्त किलोमीटर प्रिटोरियाला नेलं, आणि १२ तारखेला तो वारला. तो ३० वर्षांचा होता.

साब्राच्या प्राध्यापकांची कल्पना पुरती मेली नाही. संस्थेचे एके काळचे अध्यक्ष आणि फेरवूर्ट यांचे जावई कारेल बोशॉफ यांनी १९९०च्या अखेरीस ऑरेंज नदीकाठचं ओरानिया हे गाव सहकाऱ्यांसह विकत घेतलं. पाटबंधारे प्रकल्पाच्या कामगारांसाठी बांधलेलं, नंतर सोडून दिलेलं ते गाव होतं. तिथे उरलेल्या शेकडो ‘कलर्ड’ रहिवाशांना १९९१मध्ये बाहेर काढण्यात आलं. गावाचा नियम असा, की इथे फक्त आफ्रिकानर राहतील आणि गवंडीकाम, झाडलोट, शेतमजुरी सगळं तेच करतील. मलान यांनी १९५०मध्ये जी गोष्ट अव्यवहार्य म्हटली होती, ती ओरानिया अक्षरशः पाळतं. पेकान नटची शेती, स्वतःची स्थानिक चलनपत्रं, शाळा, सारं आहे. आणि तीस वर्षांनंतर लोकसंख्या आहे तीन हजारांच्या आसपास, तर २०११च्या जनगणनेत आफ्रिकान्स बोलणारे गोरे सुमारे २७ लाख होते. संपूर्ण वेगळं होण्याची खरी किंमत स्वतःच्या हाताने भरायची वेळ आली, तेव्हा त्यांतल्या बहुसंख्यांनी ती भरली नाही. १५ ऑगस्ट १९९५ला राष्ट्राध्यक्ष मंडेला ओरानियाला गेले आणि फेरवूर्ट यांच्या विधवा पत्नी बेट्सी यांच्यासोबत त्यांनी चहा घेतला. फेरवूर्ट यांचा नातू विल्हेल्म आणि नातसून मेलनी तोवर मंडेलांच्या पक्षात दाखल झाले होते; मेलनी तर त्या पक्षाच्या खासदार होत्या.

कायदे एकेक करून गेले. आंतरवंशीय विवाहबंदी १९८५मध्ये, पास १९८६मध्ये, वेगळ्या सोयींचा कायदा १९९०मध्ये, वंशनोंदणी आणि ग्रुप एरियाज १९९१मध्ये. २७ एप्रिल १९९४ला सर्वांनी मिळून मतदान केलं. शहरांची आखणी मात्र कायद्यासारखी रद्द करता येत नाही. केप फ्लॅट्सवरून आणि सोवेटोतून माणसं अजूनही पहाटे निघून दूरच्या उपनगरांत कामाला जातात, आणि मागच्या अंगणातल्या खोल्यांत अजूनही बायका राहतात. नव्या राज्यघटनेनंतर त्यांना किमान वेतन मिळालं, बेरोजगारीचा विमा मिळाला. कामावर झालेल्या अपघाताची भरपाई मात्र मिळत नव्हती, कारण त्या कायद्यातल्या कामगाराच्या व्याख्येतून खाजगी घरातल्या मोलकरणीला वगळलं होतं. २०१२मध्ये प्रिटोरियात, बावीस वर्षं त्याच घरात काम केलेली आणि दृष्टी अधू झालेली एक बाई मालकाच्या पोहण्याच्या तलावात बुडून मेली. तिच्या मुलीने आणि घरकामगारांच्या संघटनेने खटला लढवला. १९ नोव्हेंबर २०२० रोजी घटना न्यायालयाने हे वगळणं घटनाबाह्य ठरवलं आणि निकाल २७ एप्रिल १९९४पासून लागू केला.